व्हर्शोवित्से: दोन क्लब, दोन स्टॉप आणि मध्ये कोहिनूर

प्रागच्या 22 नंबरच्या ट्राममध्ये बसलात की पंधरा-वीस मिनिटांत एक घोषणा कानावर येते : ‘पर्शिश्ती झास्ताफ्का, कोहिनोर’. पुढचा स्टॉप, कोहिनूर. प्रागला शिकायला किंवा नोकरीला आलेला मराठी माणूस इथे हमखास मान वर करून खिडकीबाहेर बघतो. बाहेर हिरा नाही, राजवाडा नाही. ट्रामचे रूळ, रहदारीचा रस्ता आणि एका जुन्या कारखान्याची जागा. या स्टॉपच्या एका अंगाला एक स्टॉप गेलात की बोहेमियन्सचं मैदान, दुसऱ्या अंगाला एक स्टॉप गेलात की स्लावियाचं. पहिल्या श्रेणीचे दोन फुटबॉल क्लब, मैदानं चालत पंधरा मिनिटांच्या अंतरावर आणि बरोबर मध्ये कोहिनूर. हे उपनगर म्हणजे व्हर्शोवित्से, प्राग 10 मधलं.

नव्याने येणाऱ्यांचा इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो : ट्राम, स्टॉपची नावं आणि सामन्याचं तिकीट. या तिन्ही गोष्टी आधी नीट समजून घेतल्या की बाकीचं सगळं पायी फिरून कळतं.

आधी नावं ओळखा

तीन चेक शब्द पाठ करा. ‘नाम्येस्ती’ म्हणजे चौक, ‘नाद्राझी’ म्हणजे रेल्वे स्टेशन आणि ‘स्म्येर’ म्हणजे दिशा. आता हे तीन पत्ते पाहा : व्हर्शोवित्स्के नाम्येस्ती, नाद्राझी व्हर्शोवित्से, व्हर्शोवित्स्का. पहिला चौक, दुसरं स्टेशन आणि तिसरा लांबलचक रस्ता. तिन्ही वेगवेगळी ठिकाणं आहेत. मित्राने नुसतं ‘व्हर्शोवित्सेला ये’ म्हटलं तर यांतलं कुठलं हे आधी विचारून घ्या. चौकात उतरलेला माणूस स्टेशनवर वाट बघणाऱ्याला शोधत दहा-पंधरा मिनिटं फिरतो, असं नेहमी होतं.

बोहेमियन्सच्या मैदानाला सगळे ‘द्योलीचेक’ म्हणतात. द्योलीचेक म्हणजे लहानसा खळगा. बोतिच नावाच्या ओढ्याकाठच्या सखल जागेत हे मैदान आहे, म्हणून हे नाव. स्लावियाच्या मैदानाला म्हातारी माणसं आणि रोजचे प्रेक्षक अजूनही ‘एदेन’ म्हणतात. प्रायोजक बदलला की पाटीवरचं नाव बदलतं. 2008 पासून ते बरेचदा बदललं आहे, सध्या फोर्तुना अरेना चालू आहे. तिकिटावर एक नाव, नकाशात दुसरं आणि शेजाऱ्याच्या तोंडी तिसरं, असं दिसलं तरी गोंधळू नका. मैदान एकच आहे.

तिकीट : नेमकं कुठलं आणि कसं सुरू करायचं

ट्राम, मेट्रो, बस आणि शहरातली लोकल या सगळ्यांना प्रागमध्ये एकच तिकीट चालतं. एकेरी प्रवासासाठी दोन प्रकार आहेत, 30 मिनिटांचं आणि 90 मिनिटांचं. त्याशिवाय 24 तासांचं आणि 72 तासांचं मिळतं. नाम्येस्ती मीरू या मध्यवर्ती चौकापासून व्हर्शोवित्सेला यायला साधारण पाव तास लागतो, त्यामुळे 30 मिनिटांचं पुरतं. पण प्रागच्या किल्ल्याकडून किंवा त्याच्या पायथ्याच्या मालोस्त्रान्स्का स्टॉपवरून निघणार असाल तर 90 मिनिटांचंच घ्या. ट्राम सिग्नलला थांबत येते आणि तिकिटाची वेळ शेवटच्या दोन स्टॉपवर संपते. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि ‘चारच मिनिटं जास्त झाली’ हे कारण त्यांच्यापुढे चालत नाही.

तिकीट कुठून घेतलं यावर ते कधी लागू होणार हे ठरतं. दंड बहुतेकांना इथेच बसतो. छापील तिकीट घेतलंत तर ट्राममध्ये चढल्यावर पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर ते तिकीटच नाही, पैसे मोजलेले असले तरी. ट्राममधल्या कार्डाच्या यंत्रातून घेतलेलं तिकीट त्याच क्षणी लागू झालेलं असतं, त्यावर पुन्हा शिक्का मारायचा नाही. ‘लीताच्का’ अ‍ॅपमधलं तिकीट विकत घेऊन ठेवता येतं, पण ते वेगळं सुरू करावं लागतं आणि सुरू केल्यावरही लागू व्हायला थोडा वेळ जातो. म्हणून ट्राम येताना दिसायच्या आधीच, स्टॉपवर उभे असतानाच ते सुरू करा. डब्यात चढून तपासनीस दिसल्यावर सुरू केलेलं तिकीट उपयोगाचं नाही.

महिन्याहून जास्त राहणार असाल तर पास काढा. रोज एकेरी तिकिटं काढत बसण्यात पैसेही जातात आणि शिक्क्याची धाकधूक राहते ती वेगळीच.

कुठली ट्राम कुठे नेते

व्हर्शोवित्सेत ट्रामचे दोन मुख्य मार्ग येतात आणि ते कोहिनूरला मिळतात. हे एवढं लक्षात ठेवलंत की नकाशाची गरज उरत नाही.

पहिला मार्ग वरचा, म्हणजे टेकडीवरून उतरणारा. 22 नंबर नाम्येस्ती मीरूवरून निघते आणि या क्रमाने थांबते : याना मासारिका, क्रिम्स्का, रुस्का, व्हर्शोवित्स्के नाम्येस्ती, चेखोवो नाम्येस्ती, कोहिनूर, स्लाविया, कुबान्स्के नाम्येस्ती. पाटीवर ‘नाद्राझी होस्तिवार्श’ लिहिलेली गाडी घ्या. ‘बीला होरा’ लिहिलेली घेतलीत तर उलट्या दिशेला, किल्ल्याकडे जाल. 22 ही शहरातली अगदी गर्दीची गाडी आहे. दिवसा दर काही मिनिटांनी येते, तेव्हा भरलेल्या डब्यात स्वतःला कोंबण्यापेक्षा पुढची घ्या.

दुसरा मार्ग खालचा. नदीकडून ओताकारोव्हामार्गे येणाऱ्या गाड्या व्हर्शोवित्स्का रस्त्याने जातात : ओताकारोव्हा, नाद्राझी व्हर्शोवित्से, बोहेमियन्स, कोहिनूर, स्लाविया. 7 नंबर या मार्गावर वर्षानुवर्षं आहे. बाकीचे नंबर रूळदुरुस्तीप्रमाणे बदलतात.

सर्वांत नेहमीची चूक कळली असेलच. 22 नंबर बोहेमियन्स स्टॉपला जात नाही. ती चेखोवो नाम्येस्तीवरून थेट कोहिनूरला उतरते आणि डावीकडे, स्लावियाकडे वळते. द्योलीचेकला सामना आहे आणि तुम्ही 22 मध्ये बसला आहात, तर कोहिनूरला उतरा आणि व्हर्शोवित्स्का रस्त्याने उलटं, एक स्टॉपभर पायी चाला. पाच-सात मिनिटांत हिरवे-पांढरे स्कार्फ दिसायला लागतात. तिथून पुढे रस्ता विचारावा लागत नाही.

स्लावियाच्या स्टॉपचं पूर्ण नाव आता ‘स्लाविया – नाद्राझी एदेन’ आहे. 2020 च्या अखेरीस इथे रेल्वेचा नवा थांबा सुरू झाला, म्हणून नाव लांबलं. मुख्य स्टेशनवरून एस 9 लोकलने दुसरा थांबा, पहिला व्हर्शोवित्से. शहराचं तिकीट या लोकलमध्येही चालतं आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सामन्याच्या दिवशी ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नसते तेव्हा हीच गाडी कामाला येते.

रस्त्यावरच्या दोन गोष्टी जिवाशी निगडित आहेत. चेक नियमाप्रमाणे झेब्रा क्रॉसिंगवर मोटार तुमच्यासाठी थांबते, ट्राम थांबत नाही. ट्रामला पादचाऱ्याच्या आधी जायचा हक्क आहे आणि तीसेक टनांची गाडी चटकन उभी राहत नाही. कानात गाणी लावून रूळ ओलांडू नका. दुसरं म्हणजे, उतरायला दरवाजाशेजारचं बटण दाबा. दरवाजे दर वेळी आपोआप उघडतीलच असं नाही आणि दरवाजा उघडायची वाट बघत नुसते उभे राहिलात तर गाडी निघून जाते. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची सोबत असेल तर वेळापत्रकात खुर्चीचं चिन्ह असलेली गाडी निवडा. जुन्या तात्रा गाड्यांच्या पायऱ्या उंच आहेत, नव्या श्कोदा गाड्यांचा तळ स्टॉपच्या जवळजवळ समपातळीत असतो.

स्टॉपवर पिवळा कागद चिकटवलेला दिसला तर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यावर ‘व्हीलुका’ हा शब्द असेल तर त्या मार्गावर काम चालू आहे आणि गाड्या दुसरीकडून वळवल्या आहेत. बदली बस असेल तर तिच्या नंबराआधी एक्स असतो. उन्हाळ्यात हे फार होतं. फोनमध्ये मार्ग शोधताना स्टॉपचं नाव साध्या रोमन अक्षरांत, वरच्या खुणा न देता टाकलंत तरी चालतं.

कोहिनूरचं बटण

आता त्या नावाकडे. चित्रकलेची पेन्सिल म्हणून कोहिनूर नाव ऐकलेल्यांचा पहिला अंदाज पेन्सिलच्या कारखान्याचा असतो. तो चुकीचा आहे. पेन्सिलीची हार्टमुट कंपनी दक्षिणेला चेस्के बुद्येयोवित्सेत आहे. व्हर्शोवित्सेतला कोहिनूर टिचबटणांचा.

यिंद्रिख वाल्डेस यांनी 1902 मध्ये भागीदारांसोबत हा उद्योग सुरू केला. टिचबटण तोवर शोधून झालेलं होतं. अडचण होती ती जोडणीची. घरातल्या जुन्या पोलक्याचं किंवा बाळाच्या झबल्याचं टिचबटण उघडून जवळून पाहा. एका चकतीवर बोंड असतं, दुसऱ्या चकतीत खळगा आणि त्या खळग्याच्या दोन बाजूंना केसाएवढी बारीक तार. बोंड दाबलं की तारा किंचित फाकतात, बोंड आत शिरतं, तारा पुन्हा मिटतात आणि टिच आवाज होतो. सगळी करामत त्या तारेच्या स्प्रिंगची. ती तार प्रत्येक बटणात बसवणं हे पूर्वी हाताचं, डोळे फोडणारं काम होतं. वाल्डेसचे भागीदार हिनेक पुत्स यांनी ही तार बसवणारं यंत्र बनवलं आणि बटणं ढिगांनी निघायला लागली. पुठ्ठ्याच्या कार्डांवर ओळीने टाचलेली ही बटणं जगभर गेली. ड्रेस्डेन, वॉर्सा, पॅरिस आणि न्यूयॉर्कला त्यांच्या शाखा होत्या.

कंपनीचं बोधचिन्ह म्हणजे एक हसरी तरुणी, डोळ्यावर चष्म्याच्या एका भिंगासारखं टिचबटण धरलेली. प्रागच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ते पत्र्याच्या पाटीवर किंवा बटणाच्या कार्डावर दिसलं तर ओळखायला चुकू नका.

वाल्डेस हे चित्रांचे मोठे संग्राहकही होते. फ्रांतिशेक कुप्का या चित्रकाराला त्यांनी आधार दिला. ते ज्यू होते. सप्टेंबर 1939 मध्ये नाझींनी त्यांना अटक केली आणि छळछावणीत ठेवलं. घरच्यांनी खंडणी भरून सोडवलं, पण अमेरिकेच्या वाटेवर 1941 मध्ये हवानाला ते वारले. ट्राममधली ती दोन सेकंदांची घोषणा ऐकताना हा माणूस आठवावा. मुंबईत 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम धावली, तरी दादर टी.टी. हे नाव लोकांच्या तोंडी राहिलंच. तिथे ट्राम गेली आणि नाव राहिलं, इथे बटणं गेली आणि ट्रामच्या स्टॉपने नाव सांभाळलं.

पायी फेरी : दोन-अडीच किलोमीटर

सामन्याच्या दिवशी दोन तास आधी या आणि ही फेरी करा. ती उताराच्या दिशेने आखली आहे. उलटी केलीत तर चढ लागतो.

व्हर्शोवित्स्के नाम्येस्तीला उतरा. चौकाशी संत मिकुलाशचं चर्च आहे, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. जुन्या गावाचा गाभा हाच. व्हर्शोवित्सेचा कागदोपत्री पहिला उल्लेख 1088 चा आहे, विशेह्राद इथल्या धर्मपीठाच्या सनदेत. पुढे शेकडो वर्षं हे ओढ्याकाठचं खेडं होतं. रेल्वे आली, कारखाने आले, 1902 मध्ये शहराचा दर्जा मिळाला आणि 1 जानेवारी 1922 ला ते बृहत् प्रागमध्ये सामील झालं. स्वतंत्र शहर म्हणून इथल्या लोकांना जेमतेम वीस वर्षं मिळाली, पण ‘आम्ही व्हर्शोवित्सेचे’ हा अभिमान आजही बोलण्यात येतो.

चौकालगतच हेरोल्ड बाग लागते. बागेशेजारचा वाडा ‘रांगेर्का’ म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात रांगेरी नावाच्या इटालियन उद्योजकाने इथे तुतीची लागवड करून रेशमाचे किडे पाळले. तुती इथल्या थंडीत कशी टिकली असेल असं वाटतं, पण हा उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि शेजारच्या टेकडीवर द्राक्षाचे मळेही होते. ग्रेबोव्हका बागेत द्राक्षवेली अजून आहेत.

बागेतून खाली बोतिचकडे उतरा. ओढा लहान आहे, एरवी गुडघाभर. मुसळधार पाऊस झाला तर मात्र झपाट्याने चढतो, म्हणून पावसानंतर काठाच्या वाटेने जाऊ नका. ओढा ओलांडला की तुम्ही व्हर्शोवित्स्का रस्त्याला लागता आणि समोर द्योलीचेक.

वास्तुकलेची आवड असेल तर एक फाटा घ्या. चेखोवो नाम्येस्ती स्टॉपपासून वर चढून गेलं की संत वाक्लावचं पांढरं चर्च आहे, योसेफ गोचार यांनी आखलेलं, 1930 मध्ये पुरं झालेलं. सडपातळ जोडमनोरा आणि वेदीकडे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारं छत. त्या पायऱ्यांमधल्या काचांतून उजेड आत उतरतो. सकाळी जा, उजेड चांगला असतो.

क्रिम्स्का रस्त्यावर कॅफे आणि बार आहेत, तरुण मंडळी संध्याकाळी तिथे असतात. या भागात रस्त्यांना क्रिमिया, मॉस्को, कोपनहेगन, नॉर्वे, फिनलंड अशी नावं आहेत, त्यामुळे पत्ता ऐकून दचकू नका.

बोहेमियन्स : हिरवा कांगारू

क्लब 1905 चा, मूळ नाव ए. एफ. के. व्हर्शोवित्से. 1927 मध्ये संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला. व्हर्शोवित्से हा शब्द तिथल्या लोकांच्या जिभेला झेपेना, म्हणून संघ बोहेमियन्स नावाने खेळला आणि परत येताना भेट म्हणून दोन जिवंत कांगारू घेऊन आला. तेव्हापासून बोधचिन्हात कांगारू आहे आणि समर्थकांना ‘क्लोकानी’, म्हणजे कांगारू म्हणतात. रंग हिरवा-पांढरा. मैदान 1932 चं.

अंतोनिन पानेन्का याच क्लबचे. 20 जून 1976 ला बेलग्रेडमध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध शेवटची पेनल्टी त्यांनी घेतली. गोलरक्षक झेप मायर डावीकडे झेपावला आणि पानेन्कांनी चेंडू हलकेच, चमच्याने उचलावा तसा मधोमध टाकला. जगात कुठेही अशी पेनल्टी मारली की तिला आज पानेन्काच म्हणतात. क्लबने 1983 मध्ये एकमेव साखळी विजेतेपद मिळवलं आणि त्याच हंगामात युएफा चषकाची उपांत्य फेरी गाठली.

2005 मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला. तेव्हा समर्थकांनी पैसे गोळा केले आणि त्यांची ‘द्रुझ्स्त्वो’, म्हणजे सहकारी संस्था उभी राहिली. साखर कारखाना आणि पतपेढी पाहिलेल्या मराठी वाचकाला यातली ताकद वेगळी सांगायला नको. मैदानही विकलं जाण्याच्या बेतात होतं, ते 2016 मध्ये प्राग महापालिकेने घेतलं. द्योलीचेकला गेलात की तिथल्या माणसांना या मैदानाशी इतकी जवळीक का वाटते ते यावरून कळेल.

मैदान लहान आहे, सहा हजारांच्या आसपास माणसं मावतात. म्हणूनच स्लाविया किंवा प्रागच्याच स्पार्ता क्लबविरुद्धचं तिकीट आयत्या वेळी मिळत नाही. एरवीचा सामना असेल तर अडचण कमी. सगळ्या जागांवर छत नाही. पावसाची शक्यता असेल तर छत्री नको, कारण मोठी छत्री दारावर अडवतात आणि मागच्याचं दृश्य झाकलं जातं. टोपीचा रेनकोट घाला.

स्लाविया : शिवलेले

स्लाविया 2 नोव्हेंबर 1892 ला विद्यार्थ्यांनी सुरू केला, तोही सायकलींचा क्लब म्हणून. फुटबॉल 1896 पासून. पोशाख अर्धा लाल, अर्धा पांढरा. दोन रंगांचे दोन कपडे मधोमध शिवून सदरा बनायचा, त्यामुळे टोपणनाव पडलं ‘सेशीव्हानी’, शिवलेले. जवळच टिचबटणांचा कारखाना आणि इथे शिवलेले.

क्लब मूळचा इथला नाही, हे लक्षात ठेवा. आधीचं मैदान नदीपलीकडे लेत्नाला होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सोडावं लागलं आणि 1953 मध्ये क्लब व्हर्शोवित्सेत आला. कम्युनिस्ट राजवटीत काही वर्षं त्याला दिनामो नावाने खेळावं लागलं. एदेन हे नाव मात्र फुटबॉलच्याही आधीचं, 1912 साली इथे उघडलेल्या करमणूक उद्यानाचं. बोहेमियन्सचे जुने लोक ‘व्हर्शोवित्सेचा क्लब आमचाच’ असं म्हणतात ते स्लाविया मूळचा इथला नाही म्हणून आणि व्हर्शोवित्से डर्बीची, म्हणजे या दोन शेजारी क्लबांच्या सामन्याची, धारही इथूनच येते.

आजचं मैदान 2008 चं, 19,370 आसनांचं, चारही बाजूंना छत. 2013 चा युएफा सुपर कप आणि 7 जून 2023 ला कॉन्फरन्स लीगचा अंतिम सामना इथेच झाला.

सामन्याचं तिकीट, पायरीपायरीने

आधी तारीख पक्की करा. साखळी जुलै-ऑगस्टला सुरू होते, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत थंडीची सुट्टी असते आणि मे महिन्यात संपते. सोळा संघ, 30 फेऱ्या, त्यानंतर गुणांप्रमाणे गट पडून आणखी सामने. वेळापत्रकात प्रथम फक्त फेरीचा शनिवार-रविवार दिलेला असतो. नेमका दिवस आणि वेळ दूरचित्रवाणीप्रमाणे काही आठवडे आधी ठरते. विमानाचं तिकीट सामन्यासाठी काढत असाल तर दिवस जाहीर होईपर्यंत थांबा, नाहीतर सामना रविवारी आणि परतीचं विमान रविवारी सकाळी, असं होतं.

मग क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडा. हे सामन्याच्या आदल्या रात्री करू नका. मोठ्या आणि युरोपीय सामन्यांना आधी वार्षिक पासवाल्यांना संधी मिळते, उरलेली तिकिटं नंतर खुली होतात आणि तेव्हा खातं तयार असलेला माणूसच ती मिळवतो. मैदानाबाहेर हातात तिकिटं घेऊन फिरणाऱ्याकडून घेऊ नका. एकच तिकीट दोघांना विकलेलं असतं आणि दारावर दुसरा आलेला परत जातो.

जागा निवडताना हे शब्द बघा. ‘कोतेल’ म्हणजे कढई, घोषणा देणाऱ्या कट्टर समर्थकांचा भाग. तिथे पूर्ण वेळ उभं राहावं लागतं, मुलं सोबत असतील तर नको. एदेनला उत्तरेची बाजू, ‘त्रिबुना सेवेर’, त्यांची. ‘होस्ते’ म्हणजे पाहुणे, हा पाहुण्या संघाच्या समर्थकांचा पिंजरा. स्वस्त दिसला म्हणून घेऊ नका, तिथे वेगळ्या दारातून पोलिसांच्या देखरेखीखाली जावं लागतं. पहिल्यांदा जाताना मधल्या रेषेजवळची लांब बाजू घ्या. तिकिटावर ‘सेक्तोर’, ‘र्झादा’ म्हणजे रांग आणि ‘सेदाद्लो’ म्हणजे आसन, या क्रमाने वाचा आणि ‘व्स्तुप’ शब्दापुढे दिलेल्या दारानेच आत जा. चुकीच्या दारावर यंत्र तिकीट घेत नाही आणि मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते.

कपड्यांचा रंग जपा. द्योलीचेकला लाल-पांढरं घालून जाऊ नका, एदेनला हिरवं-पांढरं नको आणि स्पार्ताचा गडद लाल तर दोन्हीकडे नको. गडद निळा, काळा, राखाडी कुठेही चालतो. डर्बीच्या दिवशी स्कार्फ मैदानात शिरेपर्यंत कोटाच्या आत ठेवा आणि पोलिसांनी वळवलं तर वाद न घालता त्या रस्त्याने जा.

सुरुवातीच्या पाऊण तास आधी दारावर पोचा. मोठी सॅक आणि बाटल्या आत नेता येत नाहीत. आत पेयं परत करायच्या पेल्यात मिळतात, त्याची अनामत घेतात. पेला फेकू नका, निघताना काउंटरवर परत दिलात की पैसे परत मिळतात. खायला मुख्यतः भाजलेला क्लोबासा, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, मोहरीची चटणी आणि ब्रेडसोबत. शाकाहारी माणसाने बाहेरूनच खाऊन जावं. भागातल्या खानावळींत ‘स्माझेनी सीर’, म्हणजे ब्रेडच्या चुऱ्यात तळलेलं चीज, जवळजवळ सगळीकडे मिळतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दोन मोजे आणि जाड तळाचे बूट घाला. थंडी आसनातून नाही, पायाखालच्या सिमेंटमधून चढते.

ओरडायचं असेल तर ‘दो तोहो!’ म्हणा. भिडा, असा अर्थ. दोन्ही मैदानांवर चालतं.

परतताना

सामना संपल्यावर एदेनमधून सगळी गर्दी स्लाविया स्टॉपवर येते आणि पहिल्या तीन-चार गाड्या भरून जातात. शहराकडे जायचं असेल तर उलट दिशेला, कुबान्स्के नाम्येस्तीपर्यंत एक स्टॉप पायी जा आणि तिथे बीला होराची 22 पकडा. ती स्लावियाला पोचण्याआधीच तुम्हाला बसायला जागा मिळालेली असते. मुख्य स्टेशनला जायचं असेल तर एदेन थांब्यावरची एस 9 बघा, पण ती ट्रामसारखी दर पाच मिनिटांनी नाही, वेळ आधीच फोनमध्ये पाहून ठेवा.

द्योलीचेकहून बाहेर पडलात तर बोहेमियन्स स्टॉपवर थांबण्यापेक्षा नाद्राझी व्हर्शोवित्सेपर्यंत चालत जा, तिथे ट्राम आणि लोकल दोन्ही आहेत.

संध्याकाळचा सामना लांबला, त्यानंतर क्रिम्स्कावर जेवण झालं आणि मध्यरात्र उलटली, तर दिवसाचे नंबर बंद होतात आणि नव्वदच्या घरातले रात्रीचे नंबर सुरू होतात. रात्रीच्या सगळ्या ट्राम शहराच्या मध्यभागी लाझार्स्का स्टॉपवर एकमेकींना भेटतात. घर कुठेही असलं तरी आधी लाझार्स्काला पोचा आणि तिथे गाडी बदला. रात्रीची गाडी चुकली तर पुढच्यासाठी अर्धा तासही थांबावं लागतं, म्हणून जेवणाचं बिल मागण्याआधी वेळ पाहा.